मागून घेतलेली वाट

आमच्या इमारतीच्या मागच्या दारातून बाहेर पडले, की भाताच्या खाचरांच्या कडेने, बांधावरून, सात मिनिटांत गोखिवऱ्याच्या मुख्य रस्त्याला लागता येते. पुढच्या फाटकातून निघाले तर त्याच ठिकाणी पोहोचायला रिक्षाला पंचवीस मिनिटे लागतात. कामणच्या गोदामांकडून कंटेनर येत असतील, तर किती वेळ लागेल ते रिक्षावालाही सांगत नाही.

कारण साधे आहे. वसई पूर्वेला शेते एकेक करून विकली गेली आणि ज्याने जो तुकडा घेतला त्याने त्यापुरताच रस्ता केला. रस्ता बिल्डरच्या कमानीतून आत येतो, इमारतींना वळसा घालतो आणि मागच्या भिंतीशी संपतो. भिंतीपलीकडे दुसऱ्याचा रस्ता दुसऱ्या बाजूने येऊन तसाच संपलेला असतो. दोन स्वयंपाकघरांना एकमेकांच्या फोडणीचा वास येतो, पण एका घरातून दुसऱ्या घरी जायचे तर रिक्षा करावी लागते. वर्तमानपत्राच्या डेस्कवर असताना आफ्रिकेतल्या एका वाढत्या शहराबद्दलचा मजकूर मी मराठीत केला होता. तिथे घरे आधी होत होती, रस्ते मागून, आणि जे रस्ते होत होते ते एकमेकांना मिळत नव्हते. पानावर जागा कमी पडली म्हणून तो भाग मी कापला. लोकसंख्येचा भाग ठेवला.

मागच्या दारापलीकडचे शेत एका बाईंचे आहे. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणतो, जरी त्यांचे वय माझ्याएवढेच असेल. त्यांच्या नवऱ्याच्या भावांनी आपापले हिस्से विकले. नवरा गेल्यावर या बाईंनी विकला नाही. पावसाळ्यात भात, भातानंतर वाल, आणि विहिरीच्या अंगाला भाजीचे वाफे. राहायला त्या मुख्य रस्त्यालगतच्या जुन्या गावठाणात. तिथून शेतावर यायची वाट दिरांच्या शेतांतून होती. दिरांच्या शेतांवर आता सात मजल्यांचे नवे संकुल आहे. म्हणजे मुख्य रस्ता, मग नवे संकुल, मग मावशींचे शेत, मग आमची भिंत, असा हा क्रम. वाट नव्या संकुलाच्या कुंपणाच्या आतून, कडेकडेने जात होती. इमारत बांधली जात असताना ती कोणी अडवली नव्हती.

गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्या वाटेवर निळे पत्रे उभे राहिले. मध्ये एक लोखंडी दार होते आणि दाराला आतून कुलूप.

आमच्या इमारतीतून शाळेची मुले, माणिकपूरला नोकरीला जाणारे, क्लासवाले असे पुष्कळ लोक त्या वाटेने जात. सगळ्यांनी थोडी आरडाओरड केली आणि पुढच्या फाटकाने जायला सुरुवात केली. मावशींना पुढचे फाटक नव्हते. पत्रे राहिले तर त्यांच्या शेताला जगातून यायला रस्ता उरत नव्हता. रस्ता नसलेली जमीन कसायला अवघड आणि विकायला स्वस्त. ही गोष्ट गावात सगळ्यांना माहीत आहे. पत्रे लागल्यावर चौथ्या दिवशी बिल्डरचा माणूस मावशींच्या ओट्यावर येऊन बसला. म्हणाला, घाई नाही, विचार करा.

मी नव्या संकुलाच्या अध्यक्षांना भेटलो. बँकेतून निवृत्त झालेले, सौम्य बोलणारे गृहस्थ. त्यांनी चहा दिला. त्यांचे म्हणणे असे, की आत दोन सायकली चोरीला गेल्या, मोटरसायकलवाले वेगाने घुसतात, एका बाईच्या अंगावर गाडी गेली असती. बाईंना त्रास द्यायचा त्यांचा हेतू नाही. बाईंनी एक अर्ज द्यावा, कमिटी सहानुभूतीने विचार करेल. हे मला रास्त वाटले. चाळीस वर्षे कागदावर काम केलेल्या माणसाला अर्ज नेहमीच रास्त वाटतो.

अर्ज मीच लिहिला. मावशींना वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतला आणि मान हलवली.

“भाऊ, आपन कधी मागितली नाय वाट. सासू चालली, मी चालते. मागायची कशाला?”

मी त्यांना समजावले, की ही नुसती पद्धत आहे. लिहून दिले की समोरच्याला नाही म्हणणे जड जाते. भांडणाने वर्ष जाईल, अर्जाने आठवड्यात काम होईल. त्या म्हणाल्या, आमच्यात वाट चालून राखतात. दोन पावसाळे पाय पडला नाही तर ती वाट शेजाऱ्याची. म्हणून सासू आजारी असतानाही कोणाला तरी एक फेरी मारायला पाठवायची, शेतावर काम असो वा नसो. मी म्हटले, ते दिवस गेले. मावशींनी चौथीपर्यंत शिकलेल्या अक्षरात सही केली. एकेक अक्षर करताना त्या थांबत होत्या.

अर्जाचा शेवट मला पाठ आहे. ‘सदर जागा आपल्या संकुलाच्या मालकीची असल्याची मला जाणीव आहे. तरी आपल्या सौजन्याने मला तेथून ये-जा करण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.’

परवानगी आठ दिवसांत मिळाली. रोज सकाळी सात ते नऊ, वर्षभरासाठी, सौजन्य म्हणून. इमारतीतल्या लोकांनी माझे कौतुक केले. सेक्रेटरीने व्हॉट्सअॅपच्या गटावर अंगठे पाठवले.

सात ते नऊमध्ये शेत होत नाही. वाफ्यांना पाणी संध्याकाळी लागते. मावशींनी तोंडली आणि कारली निम्मी केली, मग काढूनच टाकली. हिवाळ्यात एक दिवस मुळे काढता काढता त्यांना नऊ वाजून गेले. रखवालदाराने कुलूप लावले होते. त्याला साहेबांचा हुकूम होता. डोक्यावर भाजीचा भारा घेऊन त्या आमच्या मागच्या दाराशी आल्या. आमच्या रखवालदाराने त्यांना आत घेतले आणि पुढच्या फाटकातून बाहेर सोडले. कंटेनरच्या रस्त्याने त्या चालत, भाजी विकायला बसत त्या स्टँडवर पोहोचल्या तेव्हा गिऱ्हाईक उठून गेले होते. संध्याकाळी आमच्या सेक्रेटरीने रखवालदाराला समज दिली. बाहेरच्या माणसाला आवारातून सोडायचे नाही, असा नियम आहे. तो नियम मला ठाऊक होता.

एप्रिलमध्ये नव्या संकुलाने पत्र्याच्या जागी विटांची भिंत घालायचे ठरवले. परवानगी रद्द केल्याचे पत्र मावशींना आले, आणि दारावर कुलूप कायमचे लागले. पत्राची भाषा माझ्या अर्जाइतकीच नम्र होती.

आता शेतावर जायचे तर आमच्या आवारातूनच. आमचे लोक दिवसाआड सोडत आणि दिवसाआड अडवत. बिल्डरचा माणूस पुन्हा आला. यावेळी त्याने ओट्यावर बसताना चपला काढल्या नाहीत, असे मावशींनी सांगितले.

माणिकपूरला एक वकील माझ्या ओळखीचे होते. मावशींना घेऊन मी त्यांच्या कचेरीत गेलो. अडवलेली शेतवाट मोकळी करून घ्यायला तहसीलदारांकडे दावा करता येतो, हे त्यांनी सांगितले. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांच्या आत तो करावा लागतो. पत्रे कधी लागले? मी सांगितले. त्यांनी बोटांवर मोजले. वीस दिवस उरले होते. मग त्यांनी कागद मागितले. मी फायलीतून अर्जाची प्रत काढून दिली, थोड्या अभिमानाने. अक्षर चांगले होते, समास सोडलेला होता.

वकिलांनी तो वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

“हे कोणी लिहिलं?”

मी सांगितले.

 मग मावशींकडे न पाहता त्यांनी मला समजावले. वहिवाट म्हणजे कोणाला न विचारता, हक्काने, वर्षानुवर्षे चाललेली वाट. ज्याने परवानगी मागितली त्याने हक्क नाही हे कबूल केले. परवानगी देणारा ती काढूनही घेऊ शकतो. “तुम्ही नुसते गप्प बसला असता तरी बाईंची बाजू आजच्यापेक्षा भक्कम असती,” ते म्हणाले. “पत्रे लाथेने पाडले असते, तर आणखी भक्कम.”

मावशी हे सगळे ऐकत होत्या. जिना उतरताना त्या पुढे होत्या. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, उन्हं फार झाली.

दावा मुदतीत दाखल झाला. नव्या संकुलाचा जबाब आला, त्याला अर्जाची प्रत जोडलेली होती. जबाबात आणखी एक मुद्दा होता. म्हणे ही जुनी वाट नव्हेच. इमारतीचे काम चालू असताना मजुरांसाठी सोडलेली पट्टी होती, बाई त्या पट्टीवरून चालू लागल्या. जुनी वाट कुठून तरी निघते आणि कुठे तरी जाते, ही तर शेताशी येऊन संपते. आमचे वकील म्हणाले, याला उत्तर हवे. गावच्या नकाशावर वाटेची रेघ नव्हती. बहुतेक बांधवाटांची नसते. गावठाणातले चारदोन म्हातारे साक्ष द्यायला तयार होते, पण ते मावशींच्या भावकीतले.

ती वाट कुठे जात होती, हे मला माहीत होते.

बारा वर्षांपूर्वी आम्ही राहायला आलो तेव्हा मागच्या बाजूला भिंत नव्हती. सकाळी पाड्यावरच्या बायका आमच्या पार्किंगमधून जात. कोणाच्या डोक्यावर लाकडे, कोणाच्या हातात शेळीची दोरी. पाडा आमच्या पलीकडे, तळ्याच्या काठी. तिथून त्या आमच्या आवारातून, मग मावशींच्या बांधावरून, दिरांच्या शेतातून, मुख्य रस्त्याला जात. लेंड्या पडतात, मुले घाबरतात, अशा तक्रारी आल्या. सोसायटीच्या सभेत भिंत घालायचे ठरले. रहिवाशांना बाहेर जाता यावे म्हणून एक छोटे दार, आतून कडीचे. त्या वर्षी मी कमिटीवर होतो आणि इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. पाड्यावरचे दोन जण येऊन बोलून गेले, एक दिवस दगड पडले, मग त्यांनी तळ्याच्या बाजूने दुसरी पायवाट पाडली. आम्ही रोज मागच्या दाराने जात राहिलो. पत्रे लागले तेव्हा आरडाओरड करणाऱ्यांत मीही होतो.

जुन्या वह्या माझ्याकडेच होत्या, कारण सोसायटीच्या कचेरीत ओल येते. मी ती वही शोधली. ठराव सापडला. ‘इमारतीच्या मागील बाजूने पाड्यावरील लोकांची पूर्वापार वहिवाट असून ती सुरक्षेच्या कारणास्तव बंद करण्यात यावी.’ पूर्वापार हा शब्द मीच लिहिला होता, वाक्याला वजन यावे म्हणून. खाली अध्यक्षांची सही आणि सोसायटीचा शिक्का. नवे संकुल बांधायचे कोणाच्या मनातही नव्हते तेव्हाचा कागद.

वही बाहेर काढली तर मावशींची वाट जुनी ठरत होती. आणि आमची भिंत बेकायदा ठरू शकत होती.

घरात मी कोणाला सांगितले नाही. वकिलांनाही नाही. स्थळपाहणीच्या दिवशी वही कापडी पिशवीत घालून नेली. ती काढीन की नाही हे मला तेव्हा ठरवता आले नव्हते. असे लिहिणे बरे दिसत नाही, पण तसेच होते.

मे महिन्यातली सकाळ, दहाचा सुमार. तहसीलदार, तलाठी, दोन्ही बाजूंचे वकील, नव्या संकुलाचे अध्यक्ष, गावठाणातले काही लोक आणि आमचा सेक्रेटरी, असे पंधराएक जण बांधावर उभे होते. बांध अरुंद, त्यामुळे सगळे एका ओळीत, आणि मागच्याला काही दिसत नव्हते. वाफे कोरडे पडलेले. दोघे-तिघे तिथेच उतरून उभे राहिले.

समोरच्या वकिलांनी अर्ज पुढे केला आणि मावशींना विचारले, ही सही तुमचीच ना.

“सई माजी,” मावशी म्हणाल्या. “शब्द माजे नाय.”

कोणीतरी मागे हसले. तहसीलदारांनी वर पाहिले. “मग कोणाचे?”

मी हात वर केला. शाळेत करतात तसा. मग सांगितले, की अर्ज मी लिहिला, बाईंनी वाट मागायला नकार दिला होता, आणि मी आग्रहाने सही घेतली. तहसीलदारांनी ते तलाठ्याला लिहून घ्यायला सांगितले. समोरचे वकील म्हणाले, साक्षीदार बाईंचे हितचिंतक दिसतात. आज त्यांना असे आठवते, तेव्हा तसे आठवत होते.

तहसीलदारांनी पत्र्यापासून आमच्या भिंतीपर्यंत नजर फिरवली. त्यांनी शांतपणे विचारले, “ही वाट जाते कुठे?”

समोरचे वकील म्हणाले, कुठेच नाही, साहेब. आमचे वकील काहीतरी सांगू लागले, म्हाताऱ्यांकडे बोट दाखवत. मी पिशवीत हात घातला होता. सेक्रेटरी माझ्या शेजारी उभा होता. वहीचे लाल कापडी पुठ्ठे त्याने ओळखले. तो तिशीतला, संगणकाच्या कंपनीत कामाला, मला नेहमी आदराने वागवणारा मुलगा. खालच्या आवाजात म्हणाला, “काका, ते सोसायटीचं रेकॉर्ड आहे. प्लीज. यांचं मॅटर आहे, आपलं नाही.”

त्याचे चुकत नव्हते. वही सोसायटीची होती. त्या इमारतीतल्या प्रत्येकाने घर घेताना मागे भिंत आहे हे पाहून घेतले होते, आणि माझ्यासकट प्रत्येकाला ती हवी होती. मावशी माझ्याकडे पाहत नव्हत्या. त्या तहसीलदारांच्या बुटांकडे पाहत होत्या, कारण ते वाफ्यात उभे होते.

मी वही काढली आणि पान उघडून तहसीलदारांच्या हातात दिली. ती वाट तळ्यावरच्या पाड्याला जाते, मी म्हणालो, या भिंतीच्या आतून. ती आम्ही बंद केली.

ते दोनदा वाचले गेले. एकदा मनात, एकदा मोठ्याने. मोठ्याने वाचताना तलाठी पूर्वापारवर थांबला आणि त्याने स्पेलिंग विचारल्यासारखे माझ्याकडे पाहिले. सेक्रेटरी मागच्या दाराने निघून गेला. कडी आतून लावल्याचा आवाज आला. त्यामुळे पाहणी संपल्यावर मला लांबच्या रस्त्याने घरी यावे लागले.

निकाल जुलैत आला. अडथळा दूर करावा, पुन्हा हरकत घेऊ नये. नव्या संकुलाने वर दाद मागितली आहे, पण तिथून स्थगिती मिळाली नाही, आणि एका दुपारी पत्रे कापून काढले गेले. अध्यक्ष खुर्ची टाकून पाहत बसले होते. मी गेलो तेव्हा त्यांनी मान हलवून ओळख दाखवली. चहाचे विचारले नाही.

आमच्या सोसायटीत खास सभा झाली. माझ्याकडच्या सगळ्या वह्या परत घ्याव्यात असा ठराव एकमताने झाला. मीही हात वर केला. काकांनी आपल्याच घराला भगदाड पाडले, असे कोणी म्हणाले आणि बरेच हसले. पाड्यावरच्या लोकांनी आमच्या भिंतीविरुद्ध अर्ज अजून केलेला नाही. करतील, असे सगळे धरून आहेत. लिफ्टमध्ये लोक माझ्याशी हवामानाबद्दल बोलतात. पुढच्या महिन्यात मागच्या भिंतीला रंग द्यायचा होता, ते काम थांबले आहे.

मागचे दार मात्र लोकांनी लगेच वापरायला घेतले. वाट मोकळी झाली म्हटल्यावर मोटरसायकलीही आल्या, आमच्या बाजूने आणि नव्या संकुलाच्या बाजूनेही. सात मिनिटांचे दोन मिनिटांत होत होते. लावणी होऊन पंधरा दिवस झाले होते. तिसऱ्या दिवशी चाकांच्या चाकोरीने बांध खचला आणि वरच्या खाचरातले सगळे पाणी रात्रीतून खालच्या गटारात गेले. मावशी सकाळी आल्या तेव्हा रोपे चिखलात आडवी होती. त्यांनी फावड्याने बांध भरला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा फुटला.

त्या आठवड्यात मावशींनी गावठाणातून दोन दगडी खांब आणवले आणि बांधाच्या दोन्ही तोंडांना एकेक रोवला. एका बाजूला खाचर, दुसऱ्या बाजूला चर. भारा घेतलेली बाई निघेल एवढी फट. शाळेचे मूल दप्तरासकट जाते. मोटरसायकल जात नाही.

आमच्या लोकांचे शिष्टमंडळ माझ्याकडे आले. वाट सगळ्यांसाठी मोकळी झाली ना, मग ही बाई कोण अडवणारी? वाट कोणामुळे सुटली? सेक्रेटरी आला नव्हता, पण निरोप त्याचा होता. मी मावशींशी बोलावे, नाही तर एक पत्र द्यावे. मी संध्याकाळी शेतावर गेलो. मावशी गुडघाभर चिखलात उभ्या राहून आडवी झालेली रोपे सरळ करत होत्या. मी लोकांचे म्हणणे सांगितले, जसेच्या तसे, माझे मत न घालता.

त्यांनी हातातली जुडी संपेपर्यंत लावली.

“पानी र्‍हायलं पायजे, भाऊ,” त्या म्हणाल्या. “मानसं जाऊं देत. गाडी नाय.” मग थोड्या वेळाने, “आनि तुमी यातलं काय लिवून देऊ नका कोनाला.”

मी तसे कबूल केले. वर येऊन शिष्टमंडळाला सांगितले, की खांब राहतील. एकाने विचारले, हे त्या म्हणाल्या की तुम्ही. मी म्हणालो, दोघेही.

आता सकाळी सातच्या सुमाराला खांबांपाशी थोडी गर्दी होते. क्लासवाली मुले आधी जातात. मोटरसायकलवाले पुढच्या फाटकाने निघतात आणि कंटेनरमागे उभे राहतात. वरच्या खाचरात पाणी टिकले आहे. वरून येणारे पाणी तुटल्याने खालच्या खाचरातली रोपे पिवळी पडली होती, त्यातली किती उठतील हे मावशी अजून सांगत नाहीत.